या बारवरून त्या बारवर: रंगमंचावर टांगायच्या सामानाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती जवळ आले की माझ्या फोनवर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या कार्यकर्त्यांचे निरोप सुरू होतात. नाटकासाठी जवळच्या हायस्कूलचं सभागृह घेतलेलं असतं. तिथे रंगमंचाच्या एका बाजूला दोरांची रांगच्या रांग दिसते आणि शाळेचा तंत्रज्ञ भराभर असे शब्द बोलतो की पुण्या-मुंबईत दहा-दहा वर्षं बॅकस्टेज केलेला माणूसही गोंधळतो. मी स्वतः एकांकिकांच्या मागे धावत वाढलो आणि इथे आल्यावर हे सगळं पहिल्यापासून शिकलो. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. हे वाचून कुणी एकट्याने दोर हातात घेऊ नये. समोरचा माणूस काय सांगतोय ते कळावं, एवढ्यासाठीच हा खटाटोप.

१. फ्लाय सिस्टिम म्हणजे नेमकं काय? आपल्याकडे तर असलं काही दिसत नाही.

रंगमंचाच्या वर आडवे पाइप, म्हणजेच बार, टांगलेले असतात. त्यांना पडदे, झालरी, विंगा, दिवे किंवा नेपथ्याचे तुकडे बांधायचे आणि हवं तेव्हा ते वर नेऊन प्रेक्षकांच्या नजरेआड करायचे, किंवा खाली आणायचे. या सगळ्या यंत्रणेला फ्लाय सिस्टिम म्हणतात. अख्खा पडदा वर नाहीसा व्हायचा तर रंगमंचाच्या कमानीच्या दुपटी-अडीचपट उंच जागा वर लागते. तिला फ्लाय टॉवर म्हणतात आणि टॉवरच्या माथ्यावरच्या लोखंडी जाळीला ग्रिड.

आपल्याकडे हे अगदीच नव्हतं असं नाही. संगीत नाटकांच्या काळात रंगवलेले पडदे कप्प्यांवरून दोराने वर जायचे. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबुराव पेंटर यांचे पडदे बघायलाही लोक नाटकाला जायचे. पुढे बॉक्स सेट, म्हणजे तीन भिंतींच्या खोलीसारखे सेट, आले, टेम्पोतून गावोगाव जाणारं नेपथ्य जमिनीवर उभं राहू लागलं आणि वरच्या बारना मुख्यतः दिवे आणि झालरी एवढंच काम उरलं. त्यामुळे आपला बॅकस्टेजचा माणूस फ्लॅट (नेपथ्याची चौकटीवर ताणलेली भिंत) उभा करण्यात वाघ असतो, पण टांगायची त्याला फारशी सवय नसते.

२. बार, बॅटन, पाइप, सेट: एकच ना हे सगळं?

पहिले तिन्ही एकच. इंग्लंडमध्ये आणि आपल्याकडे ‘बार’ म्हणतात, अमेरिकेत ‘बॅटन’ किंवा नुसतं ‘पाइप’. पाइपचा बाहेरचा व्यास साधारण ४८ मिलिमीटर असतो, म्हणजे परांचीच्या पाइपाएवढाच. दिव्यांचे क्लॅम्प त्याच मापाचे येतात.

‘सेट’ हा शब्द मात्र सांभाळा. इथल्या फ्लायमनच्या, म्हणजे हे दोर ओढणाऱ्याच्या, तोंडी ‘लाइन सेट’ म्हणजे एक बार, त्याच्या तारा, कप्प्या, दोर आणि वजनं हे सगळं मिळून. तो ‘सेट नंबर १२’ म्हणाला तर तो तुमच्या दिवाणखान्याच्या सेटबद्दल बोलत नाहीये.

३. ‘बार आउट करा’ म्हणाले म्हणून आम्ही बाजूला सरकवायला गेलो. आउट म्हणजे काय?

‘इन’ म्हणजे खाली, प्रेक्षकांच्या नजरेत. ‘आउट’ म्हणजे वर, नजरेबाहेर. ‘अप’ आणि ‘डाउन’ हे शब्द या कामात मुद्दाम टाळतात, कारण ते रंगमंचाच्या मागच्या-पुढच्या भागासाठी आधीच राखलेले आहेत. अप स्टेज म्हणजे मागचा भाग, डाउन स्टेज म्हणजे प्रेक्षकांकडचा. पूर्वी रंगमंच मागे चढता असायचा, तेव्हापासूनचं हे. ‘बार अप घ्या’ म्हटलं तर वर की मागे, हे कळणार कसं? म्हणून इन आणि आउट.

डावं-उजवं हे नटाचं, प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाचं. एवढं तरी आपल्याकडेही तसंच आहे.

४. भिंतीकडे दोर, चौकटी, लोखंडी विटा दिसतात. त्यातलं काय कशाला म्हणतात?

तराजू डोळ्यांपुढे आणा. एका पारड्यात बार आणि त्यावरचं सामान, दुसऱ्या पारड्यात विटा. विटांच्या पारड्याला अमेरिकेत आर्बर म्हणतात, इंग्लंडमध्ये क्रेडल. वर-खाली पत्रे आणि मध्ये दोन सळया अशी ती उंच, अरुंद चौकट असते आणि विटा त्या सळयांमध्ये तिरक्या घालून मग सरळ बसवायच्या असतात. बारच्या तारा ग्रिडवरच्या एकेका कप्पीवरून, म्हणजे लॉफ्ट ब्लॉकवरून, भिंतीकडच्या मोठ्या कप्पीवर येतात. ती हेड ब्लॉक. तिथून त्या खाली आर्बरला जोडलेल्या असतात.

माणूस ओढतो तो दोर वेगळा. तो आर्बरच्या वरून-खालून फिरून आलेला वेटोळा असतो आणि त्यावर काहीही टांगलेलं नसतं. तो रोप लॉक नावाच्या चिमट्यातून जातो. असे सगळे चिमटे ज्या कठड्यावर ओळीने असतात ती लॉकिंग रेल. वर, ग्रिडच्या थोडं खाली, विटा चढवायची गॅलरी असते, तिला लोडिंग गॅलरी म्हणतात. ती इतकी उंच का असते? बार पूर्ण खाली असतो तेव्हा आर्बर पूर्ण वर असतो म्हणून. हे एक वाक्य नीट डोक्यात बसलं की सहावा प्रश्न आपोआप सुटतो.

आर्बरच्या तळाशी काही विटांना बहुधा वेगळा रंग दिलेला दिसेल. ते रिकाम्या बारचं स्वतःचं वजन आहे. त्यांना कधीही हात लावायचा नाही. विटांच्या थरांमध्ये अधूनमधून पातळ पत्रे सरकवलेले असतात. ते सळया फाकू देत नाहीत. ते नसले आणि आर्बर कुठे आदळला, तर विटा बाहेर उडतात. ‘घाई आहे, पत्रे राहू देत’ असं कुणी म्हणालं तर त्या माणसाला चहा आणायला पाठवा.

५. ‘डेड’ म्हणजे काय? ऐकायला भयंकर वाटतं.

भयंकर काही नाही. बार जिथे थांबवायचा ती ठरलेली उंची म्हणजे डेड. अमेरिकेत त्यालाच ट्रिम म्हणतात. दोरावर रंगीत चिकटपट्टी गुंडाळून खूण करतात आणि ती लॉकशी आली की थांबायचं. एका बारला दोन-तीन डेड असू शकतात. प्रत्येकाला निराळा रंग द्या आणि कोणता रंग कशाचा हे लॉकिंग रेलवरच्या पट्टीवर लिहा, कारण प्रयोगात तिथला उजेड जेमतेम निळा असतो आणि निळा-हिरवा एकच दिसतो.

‘डेड लोड’ हा शब्द वेगळा. स्थिर टांगलेल्या वजनाला तसं म्हणतात.

६. आधी सामान बांधायचं की आधी विटा घालायच्या? आणि उतरवताना?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि चूक झाली तर सगळ्यात महाग पडणाराही हाच.

चढवताना: बार पूर्ण इन, आधी सामान बारला, मग विटा आर्बरला. उतरवताना: बार पूर्ण इन, आधी विटा आर्बरमधून बाहेर, मग सामान बारवरून.

कारण चौथ्या प्रश्नातच आहे. बार खाली असतो तेव्हा आर्बर वर, चाळीस-पन्नास फुटांवर लटकलेला असतो. अशा वेळी बारचं पारडं जड असेल तर काही बिघडत नाही. बार आणखी खाली जाऊच शकत नाही, आर्बर वरच्या अडसराला टेकलेला असतो. पण आर्बरचं पारडं जड झालं, तर त्याला खाली यायला अख्खी भिंत मोकळी आहे. तो जितक्या वेगाने खाली येईल तितक्याच वेगाने बार वर जाईल, त्यावर उरलेल्या सामानासकट.

म्हणजे नियम एकच: बार खाली असताना आर्बरचं पारडं कधीही जड होऊ द्यायचं नाही. वरचे दोन्ही क्रम यातूनच निघतात. क्रम पाठ करू नका, हे पारडं लक्षात ठेवा. पाठ केलेला क्रम रात्री साडेअकराला, सभागृह बाराला रिकामं करायचं असताना, नेमका उलटा आठवतो.

७. दिवे एका बारवर लावले आणि दिग्दर्शकाला ते शेजारच्या बारवर हवेत. पद्धत काय?

जुन्या बारला ‘अ’ म्हणू, नव्याला ‘ब’. दोन्ही इन आणा. ‘अ’ वर दिवे तसेच असू देत. लोडिंग गॅलरीतल्या माणसाने ‘अ’ च्या आर्बरमधल्या या दिव्यांपुरत्या विटा काढायच्या आणि मोठ्याने सांगायचं, ‘अ मोकळा’. मग खालच्यांनी दिवे सोडायचे, ‘ब’ वर लावायचे, क्लॅम्प आवळायचे, प्रत्येक दिव्याची सेफ्टी वायर अडकवायची आणि वर सांगायचं, ‘ब तयार’. मग ‘ब’ मध्ये विटा. वरचा माणूस विटा हलवत असेल तेव्हा खाली बारच्या रेषेत आणि आर्बरच्या भिंतीजवळ कुणी उभं राहायचं नाही.

दिवे पुष्कळ असतील तर हप्त्यांनी करा: दोन दिव्यांच्या विटा वरून काढल्या, मग दोन दिवे खाली सोडले, असं. वेळ थोडा जास्त जातो, पण दोन्ही पारडी सारखी जवळ राहतात.

गफलत कुठे होते ते सांगतो, कारण ती मी केली आहे. एका सभागृहात वरचा माणूस जिना उतरून पाणी प्यायला गेला होता. आम्ही खाली मोकळेच होतो, म्हटलं तोवर सोडून ठेवू. तीन दिवे सोडले. चौथ्याला पाना लावला आणि बार माझ्या छातीसमोरून गळ्यासमोर आला. हळू, काहीच आवाज न करता. लॉकमधून दोर इंचाइंचाने सरकत होता. तिथल्या तंत्रज्ञाने आधी सोडलेला एक दिवा उचलून परत बारवर अडकवायला लावला, मग दुसरा, आणि कुणीही बारला लोंबकळायचं नाही असं दोनदा बजावलं. बार थांबला. वरचा माणूस परत चढेपर्यंतची पाच मिनिटं आम्ही कुणी एकमेकांकडे बघितलं नाही.

८. विटा किती घालायच्या हे ठरवायचं कसं?

बारवरच्या सामानाचं एकूण वजन काढा आणि तेवढ्याच वजनाच्या विटा घाला. हिशेबात क्लॅम्प, केबल, साखळ्या, पडद्याच्या तळातली साखळी किंवा पाइप, सगळं धरायचं. एलिप्सॉइडल (नेमका झोत टाकणारा) दिवा क्लॅम्पसह ६ ते ८ किलो भरतो, मोठा मूव्हिंग हेड, म्हणजे मोटरने फिरणारा दिवा, २० ते ४० किलो. केबल लोक हमखास विसरतात, आणि दहा दिव्यांची केबल म्हणजे आणखी एक-दोन दिवे.

इथे आपल्या लोकांची खास अडचण: नेपथ्यकार भारतातून वजन किलोत कळवतो आणि विटा असतात पाउंडांच्या. १ किलो म्हणजे २.२ पाउंड. ४५ किलोचं तोरण म्हणजे ९९ पाउंड. कुणी ४५ पाउंडांच्याच विटा घातल्या तर अर्ध्याहून जास्त वजन बाकी राहतं. निदान चूक सुरक्षित बाजूला होते, बारचं पारडं जड राहतं. उलट गोंधळ झाला, म्हणजे पाउंडांचा आकडा किलो समजून विटा घातल्या, तर सहाव्या प्रश्नातली भीती खरी होते. कागदावर आकड्यापुढे एकक लिहा. नुसता आकडा लिहिलेला कागद फाडून टाका.

समतोल साधला की नाही हे शेवटी हातच सांगतो. लॉक अगदी सावकाश सोडायचं, दोर दोन्ही हातांत धरून ठेवायचा आणि बार कुठे ओढतोय ते बघायचं.

९. दिवा पक्का आवळला आहे आणि कप्प्याही आहेत. मग खाली न आणता, हवेतच या बारवरून त्या बारवर नाही का सरकवता येणार?

येतं. मोठ्या नाट्यगृहांत जड तुकडे चेन होइस्ट, म्हणजे आपली चेनपुली, लावून असे हलवतात. एका बाजूची साखळी सैल करत दुसरी आवळत न्यायची, वजन हळूहळू दुसऱ्याच्या गळ्यात पडतं. पण मंडळाच्या नाटकासाठी मी याला साफ नाही म्हणेन. कारण दोन आहेत.

पहिलं कारण कोनाचं. ओझं मधोमध दोन तिरक्या दोरांवर लटकत असेल तर प्रत्येकावर निम्मं वजन येतं असं वाटतं. तसं होत नाही. ६० किलोचा तुकडा घ्या. दोन्ही दोर उभ्या रेषेपासून ३० अंशांवर असतील तर प्रत्येकावर ३५ किलो. ४५ अंशांवर ४२. ६० अंशांवर प्रत्येकावर पुरे ६० किलो. आणि दोर जवळजवळ आडवे झाले, उभ्यापासून ७५ अंश, तर प्रत्येकावर ११६ किलो, म्हणजे तुकड्याच्या वजनाच्या जवळजवळ दुप्पट. कपडे वाळत घालायची दोरी ताणून बांधली की मध्ये एक ओली चादर टाकल्यावर खिळाच उपटून येतो, तेच हे. शिवाय हा जोर बारला आडवा ओढतो, आणि बारच्या तारा सरळ खाली वजन धरायला असतात, आडव्या जोराला नाही.

दुसरं कारण पारड्यांचं. वजन ‘अ’ वरून ‘ब’ वर जसजसं सरकतं तसतसं ‘अ’ च्या आर्बरमधल्या विटा जास्त होत जातात आणि ‘ब’ च्या कमी पडतात, दोन्ही एकाच वेळी. सामान मध्ये कुठे आहे आणि कुठल्या आर्बरमध्ये आत्ता किती विटा हव्यात, याचं उत्तर दर सेकंदाला बदलतं. त्यासाठी वर-खाली मिळून पाच-सहा सराईत माणसं आणि एकच हुकूम देणारा लागतो.

१०. आम्हाला पडदा फक्त दोन फूट मागे हवाय. बार बदलायची काय गरज, दोराने मागे ओढून बांधला तर?

याला ब्रेलिंग किंवा ब्रेस्टिंग म्हणतात आणि ही रीत प्रतिष्ठित आहे. बारच्या दोन्ही टोकांना दोर बांधून तो मागच्या गॅलरीकडे ओढून ठेवतात. पण बार कुठल्या उंचीवर आहे यावर सगळं अवलंबून असतं.

पडद्यासकट बार १०० किलोचा आहे आणि तो ग्रिडच्या ९ मीटर खाली लटकतोय असं समजा. तो ६० सेंटिमीटर, म्हणजे तुमचे दोन फूट, मागे ओढायला सुमारे ७ किलोचा जोर पुरतो. एका हाताचं काम. आता तोच बार वर नेला, ग्रिडखाली १ मीटर तार उरली, आणि दोराने तो अजूनही तेवढाच मागे धरून ठेवलाय. आता जोर लागतो ७५ किलोचा. दोर तोच, गाठ तीच, पडदा तोच. म्हणून ब्रेल लावलेला बार एका डेडवरच ठेवायचा. तो वर-खाली जाणार असेल तर ब्रेल सोडायला माणूस नेमायचा, नाहीतर सरळ सातव्या प्रश्नाप्रमाणे बार बदलायचा.

११. एका बारची क्षमता पुरत नाही. दोन बार एकत्र जोडले तर दुप्पट वजन चालेल?

शेजारचे दोन बार आखूड पाइपांनी जोडून एकच ओझं टांगतात, त्याला बार मॅरी करणं म्हणतात. लग्नच लावायचं. पण दुप्पट धरू नका. ओझं दोघांच्या बरोबर मध्ये असलं तरच वाटणी निम्मी होते. एकाच्या जरा जवळ सरकलं की त्याच्यावर जास्त. आणि हलवताना एक माणूस दुसऱ्यापेक्षा इंचभर पुढे गेला तर तेवढ्या वेळापुरतं बहुतेक सगळं ओझं एकाच बारवर येतं. दोन्ही दोर ओढणाऱ्यांची लय कशी असावी? लेझीम खेळलेल्यांना सांगायला नको.

बॉक्स सेटचं छत टांगताना हीच गोष्ट: पुढचा बार, मागचा बार, मध्ये छत. एक बार आधी आणि एक नंतर सोडला की छत तिरकं होऊन वजन खालच्या बाजूला सरकतं.

१२. क्षमता ३०० किलो लिहिली आहे. मग २५० किलोचं झुंबर मधोमध टांगायला हरकत काय?

हरकत आहे. लिहिलेली क्षमता बहुधा बारभर सारख्या पसरलेल्या वजनाची असते. दोन तारांच्या मध्ये, बरोबर मध्यभागी, एकाच बिंदूवर तेच वजन टांगलं तर पाइपवर वाकण्याचा ताण पसरलेल्या वजनाच्या दुप्पट येतो. आणि झुंबर एका तारेच्या बरोबर खाली टांगलं तर बहुतेक सगळं वजन त्या एकाच तारेवर, बाकीच्या तारा नुसत्या साक्षीला. जड तुकडा दोन किंवा तीन तारांच्या खाली वाटून टांगा, नाहीतर वर ग्रिडवरून त्याला स्वतंत्र दोर घ्या, ज्याला स्पॉट लाइन म्हणतात. हे ठरवणं मात्र सभागृहाच्या तंत्रज्ञाचं काम.

१३. या बारवर अगदी बरोबर समतोल होता. तेवढंच सामान, तेवढ्याच विटा दुसऱ्या बारवर, तरी बार धाडकन खाली बसतो. का?

दुसरा बार डबल पर्चेस असणार. भिंतीत दार असलं किंवा विंगेची जागा हवी असली, तर आर्बरला जमिनीपर्यंत खाली यायला जागा नसते. मग जास्तीच्या कप्प्या घालून आर्बरचा प्रवास निम्मा करतात: बार २ फूट हलला की आर्बर १ फूट. प्रवास निम्मा झाला की वजन दुप्पट लागतं. साध्या बारवर ८० किलोच्या सामानाला ८० किलोच्या विटा, डबल पर्चेसवर १६०.

उलट दिशेने, म्हणजे डबल पर्चेसवरून साध्या बारवर, सामान हलवताना विटा मोजून जशाच्या तशा नेल्या तर काय होईल ते सहाव्या प्रश्नात वाचा. एकाच रंगमंचावर दोन्ही प्रकारचे बार असू शकतात. आधी विचारा.

१४. समतोल बरोबर आहे, पण बार खाली आणला की शेवटी शेवटी आर्बर जड वाटतो.

पडद्याचा घोळ जमिनीला टेकला ना, की तेवढं वजन जमीन उचलते, बार नाही. फ्लॅट उभा टांगला असेल तर तो टेकताक्षणी जवळजवळ सगळं. मखमली पडद्यात हे हळूहळू होतं, फ्लॅटमध्ये एकदम. म्हणून अशा बारचे शेवटचे दोन-तीन फूट दोर दोन्ही हातांनी धरून, लॉकवर विसंबून न राहता, उतरवतात आणि खाली आल्यावर दोराला पीळ देऊन अडकवतात. प्रयोगाआधीच्या तालमीत हे जोडीने करून बघा.

१५. लॉक लावलंय म्हणजे बार हलणार नाही ना?

हलू शकतो. रोप लॉक म्हणजे ब्रेक नव्हे. समतोल साधलेला बार जागच्या जागी राहावा एवढ्यासाठीच ते असतं, आणि साधारण ५० पाउंडांपर्यंतचा फरक ते धरतं. सातव्या प्रश्नातले तीन दिवे, त्यांचे क्लॅम्प आणि केबल मिळून नेमके त्या रेषेवर होते.

१६. दोर हातातून सुटून पळायला लागला तर?

सोडून द्या, ओरडा, भिंतीपासून लांब पळा. याच क्रमाने. पळणारा दोर कुणी माणसाने थांबवलेला मी ऐकला नाही. सोललेले तळवे मात्र पाहिले आहेत. इथे ‘हेड्स!’ असं ओरडतात आणि ते ऐकल्यावर वर बघायचं नाही, बाजूला व्हायचं. आपली माणसं ‘बार आला!’ ऐकलं की आधी वर बघतात. तालमीच्या दिवशी सगळ्यांना, लहान मुलांच्या पालकांनाही, हा एक शब्द शिकवून ठेवा.

१७. आमच्या सभागृहात मोटरचे बार आहेत, विटा नाहीतच. मग हे काही लागू नाही?

पारड्यांची भानगड गेली, कोन आणि बिंदूभार (प्रश्न ९ आणि १२) तसेच राहिले. एक नवीन भर पडते: दोन मोटरबार जोडले आणि त्यातला एक कशाने तरी थांबला, तर दुसरा चालतच राहतो. यंत्रणेत दोघांना एका गटात बांधण्याची सोय असेल तरच जोडा, म्हणजे एक थांबला की दोन्ही थांबतात. बटण दाबणाऱ्याला बार डोळ्यांनी दिसला पाहिजे, स्क्रीनवरच्या आकड्यांवर काम करायचं नाही.

१८. सगळ्यात पुढच्या बारवर मंडळाचा बॅनर लावायचाय. तंत्रज्ञ नाही म्हणतो.

तिथे बहुधा अग्निपडदा आहे. आग लागली तर रंगमंच आणि प्रेक्षागृह वेगळं करणारा तो पडदा कशालाही न अडकता खाली आलाच पाहिजे. शिकागोच्या इरॉक्वॉइ थिएटरमध्ये ३० डिसेंबर १९०३ ला आग लागली, तेव्हा तो पडदा उतरताना वाटेतल्या दिव्याच्या सामानात अडकला. त्या दुपारी सहाशेहून जास्त माणसं गेली, त्यात कितीतरी मुलं. बॅनर प्रवेशद्वारावर लावा.

१९. शाळेचा माणूस आम्हाला दोराला हातच लावू देत नाही. आमच्याकडे अनुभवी लोक आहेत.

तो बरोबर करतोय. बहुतेक सभागृहांच्या करारातच ते असतं, आणि त्याने तुमच्यातल्या कुणाला हात लावू दिला तर पुढच्या वेळी तुम्हीच त्या सभागृहाबद्दल दोनदा विचार करायला हवा. त्याला मदत होईल असं एक करा: किमान आठवडाभर आधी त्याला तक्ता पाठवा. बारचा क्रमांक, त्यावर काय, वजन एककासह, डेड किती उंचीवर, प्रयोगात हलणार की नाही. बार बदलायची शक्यता असेल तर तेही लिहा, म्हणजे तो लोडिंग गॅलरीसाठी जास्तीचा माणूस बोलावेल. आमच्या मंडळाने पहिल्यांदा असा तक्ता पाठवला त्या वर्षी तंत्रज्ञाने स्वतःहून चहा विचारला. इथल्या मानाने हे मोठं आहे.

२०. शिट्टी वाजवली म्हणून आमच्या तबलजीला बाहेर काढलं. हे खरंच इतकं गंभीर आहे?

आता नाही, पण लोक मानतात. पूर्वी दोर ओढायला खलाशी असायचे आणि ते शिट्टीवर इशारे द्यायचे, म्हणून भलत्या शिट्टीवर भलताच पडदा डोक्यात यायचा, असं सांगतात. तबलजीला म्हणावं, बाहेर जाऊन एक चक्कर मारून ये, आणि आत येताना दार वाजव. ते घेतात परत.